वाट पाहणाऱ्यांचा नाताळ

दिवा जंक्शनातून चार दिशांना रूळ जातात. मुख्य मार्ग एकीकडे मुंब्रा-कळवा करत ठाण्याला जातो आणि दुसरीकडे डोंबिवली-कल्याणला. एक फाटा भिवंडी रोड, खारबाव, कामण, जुचंद्र करत वसईला निघतो. दुसरा दातिवली, निळजे, तळोजा करत पनवेलला आणि तिथून थेट कोकणात उतरतो. गणपतीच्या आधी सावंतवाडीच्या गाडीसाठी सामानसुमान घेऊन फलाटावर बसलेले चाकरमानी दिव्याला नवे नाहीत. पण याच रुळांच्या टोकांना मराठी मुलखातल्या ख्रिस्ती श्रद्धेची फार जुनी ठाणी आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

कल्याणचेच घ्या. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. ते बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांच्या अस्थी पुढे ओदोरिक या प्रवाशाने चीनपर्यंत नेल्या. वसईत आज रविवारची मिस्सा मराठीतून होते. आणि कोकणच्या रुळांवरून सावंतवाडीच्याही पुढे मडगावापर्यंत गेले, तर जवळच राशोल लागते, जिथे १६१६ साली ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत छापली गेली.

दरवर्षी डिसेंबर आला की आमच्या भागातल्या दुकानांत लाल टोप्या आणि चांदण्या टांगल्या जातात. नाताळ म्हणजे येशूचा वाढदिवस, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र या दिवसाचे वजन ‘जन्मला’ या गोष्टीपेक्षा ‘सांगितल्याप्रमाणे जन्मला’ या गोष्टीवर अधिक आहे. आधी आश्वासन, मग शतकानुशतकांची प्रतीक्षा आणि त्यानंतर जन्म. यातली प्रतीक्षा काढून घेतली तर उरते ती एका गरीब घरातल्या बाळंतपणाची हृद्य गोष्ट. ती सुंदर आहेच. पण तेवढ्यासाठी कोणी इतकी शतके मध्यरात्री उठून देवळात गेले नसते.

या प्रतीक्षेचे मोल ठाण्याइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसले नाही. मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. तिथून टेंभी नाका चालत गाठता येतो, आणि तिथे बेने इस्रायलांचे १८७९ साली बांधलेले ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग आहे. बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे आपले ज्यू. कोकणपट्टीत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. भारतात उरलेल्यांची मोठी वस्ती ठाण्यात आहे.

ही दोन प्रार्थनास्थळे ज्या ग्रंथभागावर उभी आहेत तो पुष्कळसा एकच आहे. अब्राहामाला दिलेले वचन दोघांचे आहे. दावीद राजाच्या वंशाचे सिंहासन टिकेल हे नाथान संदेष्ट्याने सांगितले, ते दोघे वाचतात. यशयाने सांगितलेले बालक, इशायाच्या बुंध्याला फुटणारा धुमारा, मीखाने नाव घेऊन सांगितलेले बेथलेहेम हे लहानसे गाव, सारे दोघांच्या पोथीत आहे. टेंभी नाक्यावर ते वाचले जाते तेव्हा मसीहा अजून यायचा आहे. तलावाकाठी वाचले जाते तेव्हा तो येऊन गेला आहे. एवढ्या एका गोष्टीवर दोन धर्म वेगळे झाले.

त्याहून लक्षात घेण्याजोगे आहे ते एलिया संदेष्ट्याचे स्थान. बेने इस्रायलांच्या घरी लग्न असो, नवस फिटलेला असो वा नवे घर असो, ‘मलिदा’ होतो. पोहे भिजवून त्यात ओले खोबरे, साखर, सुका मेवा घालतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण करतात. अग्निरथातून स्वर्गाला गेलेल्या या संदेष्ट्याच्या पाऊलखुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. मसीहाच्या आधी एलिया येईल, हे मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकावरून चालत आलेले आश्वासन. म्हणजे मलिद्याचे ताट हे कृतज्ञतेचे असते, आणि त्यातले नाव वाट पाहण्याचे असते.

आता तलावाकाठच्या चर्चचे नाव पाहा. बाप्तिस्मा करणारा योहान. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत या योहानाविषयी सांगतो, की हा एलियाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने प्रभूच्या पुढे चालेल. ख्रिस्ती माणसासाठी ज्याची वाट होती तो एलिया हाच. एका शहरात, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका देवळात एलियाची वाट पाहिली जाते आणि दुसऱ्या देवळाला तो आल्याचेच नाव दिलेले आहे. ठाण्याच्या रहिवाशांना या दोन वास्तूंचा अभिमान वाटावा असे मला मनापासून वाटते. आश्वासन अजून उघडे आहे हे सांगणारे शेजारी असले की ‘ते पूर्ण झाले’ म्हणणे किती धाडसाचे आहे, ते ख्रिस्ती माणसालाही नव्याने कळते.

याच योहानाचा सण गोव्यात २४ जूनला ‘सांजांव’ म्हणून साजरा होतो. पावसाने विहिरी तुडुंब भरलेल्या असतात. डोक्यावर पानाफुलांची ‘कोपेल’ घातलेली पोरे विहिरींत धडाधड उड्या मारतात. पाहणाऱ्याला तो नुसता पावसाळी दंगा वाटेल. त्यामागची कथा अशी की मरिया गरोदरपणी आपल्या नात्यातल्या अलिशिबेला भेटायला गेली, तेव्हा अलिशिबेच्या पोटातले बाळ, म्हणजे योहान, आनंदाने उसळले. ख्रिस्ती कथेत तारणाऱ्याला ओळखणारा पहिला जीव अजून जन्मलेलाही नव्हता. नाताळच्या बरोबर सहा महिने आधी हा सण येतो, कारण योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. विहिरीतल्या त्या उडीत नाताळची सुरुवात आहे.

कोकणच्या मार्गाचे टोक आता जरा जवळून पाहू. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला जेझुइट धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. बहुतेक काळ गोव्यातल्याच साष्टीत. तो काळ साष्टीसाठी कठीण होता. पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, लोकांचे धर्म बदलले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याची जबर किंमत गावाने मोजली. हे बाजूला ठेवून स्टीफन्सचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या ‘ख्रिस्तपुराण’ या काव्याच्या आरंभीच पोथ्या गेल्याची उणीव बोलून दाखवलेली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक म्हणतात की पूर्वीची पुराणे गेली, आता आम्ही वेळ घालवावा, मन रमवावे असे काही आमच्या भाषेत द्या. त्या मागणीतून राशोलला छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण उभे राहिले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा संस्कार त्यावर अभ्यासकांना स्पष्ट दिसतो. ख्रिस्ती स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठच म्हणतो.

ग्रंथ छापला रोमन लिपीत आणि पहिल्या आवृत्तीला पोर्तुगीज शीर्षक होते. त्याचा आशय असा: आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण, दोन भागांत. ख्रिस्ताचे चरित्र लिहीत असल्याचे तो शीर्षकात म्हणत नाही. तो आगमनाविषयी लिहितो आहे. आणि आगमन सांगायचे तर वाट सांगावी लागते, म्हणून त्याने अख्खे ‘पहिले पुराण’ त्या वाटेला दिले. छत्तीस अवस्वर, म्हणजे अध्याय. सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन, नोहाचा पूर, अब्राहाम, मोशे, न्यायाधीश, राजे, संदेष्टे, बाबिलोनची कैद. बाळ जन्माला येते ते ‘दुसऱ्या पुराणात’.

कथाकार म्हणून स्टीफन्सचे धैर्य इथे दिसते. साष्टीच्या श्रोत्यांना कथेचा नायक कोण ते ठाऊक होते. त्यांच्या देवळात त्याची मूर्ती होती. तरीही त्याने त्यांना चार हजारांहून अधिक ओव्या त्याच्याविना बसवून ठेवले. आदामाच्या पतनापाशीच आश्वासन दिले जाते की स्त्रीच्या संततीतून सर्पाचे डोके ठेचणारा येईल. मग पिढ्यांमागून पिढ्या जातात आणि तो येत नाही. प्रत्येक नवा पुरुष उभा राहिला की वाटते हाच तो. नोहा द्राक्षारसाने धुंद होतो. मोशे वचनदत्त देश डोंगरावरून पाहतो आणि तिथेच मरतो. दावीद दुसऱ्याची बायको घेतो आणि तिच्या नवऱ्याला रणात मारवतो. शलमोन म्हातारपणी ढळतो. शेवटी इसवीसनापूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेमच पडते, मंदिर जळते, राजाचे डोळे काढले जातात आणि लोकांना बाबिलोनला नेतात. दाविदाचे सिंहासन अढळ राहील असे वचन असताना सिंहासनच नाहीसे होते.

जुन्या कराराचे मोठेपण मला इथे वाटते. वचन मोडल्यासारखे दिसले तेव्हा ते पोथीतून खोडून टाकायचे सोडून, त्या लोकांनी ते अधिकच घट्ट धरले. यशयाचे धीर देणारे उतारे, यिर्मयाचा नवा करार, यहेज्केलाची वाळलेली हाडे हे सारे पराभवाच्या आगेमागे लिहिलेले आहे. तारणाऱ्याची कल्पना विजयी राष्ट्राने केलेली नाही. सगळे हरवलेल्या माणसांनी ती जपली.

पुढची काही शतके संदेष्ट्यांचा आवाज थांबतो. पारशी, ग्रीक, रोमन राज्ये येतात-जातात. आणि मग मत्तयाचे शुभवर्तमान उघडते ते वंशावळीने. वाचक ती पाने सहसा उलटून पुढे जातो. उलटू नये. अब्राहामापासून दावीद, दावीदपासून बाबिलोन, बाबिलोनपासून ख्रिस्त, अशा चौदा-चौदा पिढ्या मत्तय मोजतो आणि मध्येच चार बायकांची नावे घेतो. सासऱ्याकडून हक्क मिळवणारी तामार, यरीहोची गणिका राहाब, मवाबातून आलेली परकी विधवा रूथ, आणि उरियाची बायको. घराण्याची अब्रू राखणाऱ्याने नेमक्या याच चौघी गाळल्या असत्या. मत्तय त्यांना तारणाऱ्याच्या आज्यापणज्यांत मानाने बसवतो. वचन शुद्ध कुळातून आले नाही, ते खऱ्या माणसांच्या घरांतून आले, हे त्याला पहिल्याच पानावर सांगायचे होते.

मराठी वाचकाच्या मनात इथे ‘अवतार’ येणारच. देवाने माणसात उतरणे आपल्याला परके नाही, आणि स्टीफन्सच्या श्रोत्यांनाही नव्हते. फरक आहे तो दोन ठिकाणी. ख्रिस्ती श्रद्धेत हे उतरणे एकदाच घडते, इतिहासात, ऑगस्टस कैसर आणि हेरोद राजा यांच्या काळात. येशूचा जन्म नेमका कोणत्या साली झाला यावर इतिहासकारांचा वाद आहे. हेरोद इसवीसनापूर्वी ४ मध्ये मेला, म्हणून तो त्याआधीचा असावा असे बहुतेक मानतात. २५ डिसेंबर ही तारीखही शुभवर्तमानात नाही. ती रोममध्ये ३३६ च्या सुमारास दिसते. पण काळ-वेळ-गाव असलेल्या एका विशिष्ट माणसात देव आला, यावर श्रद्धेचा आग्रह आहे. दुसरा फरक असा की तो दुष्टांचा संहार करायला येत नाही. तो त्यांच्याच हातून मरतो. ३२५ साली निकियाच्या परिषदेत बिशपांनी जी श्रद्धा शब्दांत बांधली तिचा गाभा हाच होता: जो उतरला तो देवाहून उणा नव्हता, आणि तो आमच्यासाठी, आमच्या तारणासाठी उतरला. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षे झाली.

वाट पाहणाऱ्यांना हवा होता राजा. आले ते बाळ, आणि तेही गव्हाणीत. लूक सांगतो की नावनोंदणीसाठी योसेफ आणि गरोदर मरिया बेथलेहेमला आली आणि उतरायच्या ठिकाणी त्यांना जागा नव्हती. दिव्यात राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. मुंबईत जागा नाही म्हणून माणसे ठाण्यात आली, ठाण्यात परवडेना म्हणून दिव्यात. सकाळच्या लोकलला दिव्यात चढायला जागा नसते. नळाला पाणी नाही म्हणून टँकरपुढे रांगा लागतात. आपल्या नावाची नोंद कुठल्या गावात आहे, मत कुठे आहे, रेशनकार्ड कुठले, या प्रश्नांनी इथला अर्धा जन्म जातो. सरकारी नोंदणीच्या हुकमाने अवघडलेल्या बाईला परगावी जावे लागणे ही इथे पुराणकथा वाटत नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देवाने आपल्या येण्यासाठी हीच परिस्थिती निवडली. राजवाडा मिळाला नाही असे त्यात नाही. तो मागितलाच नव्हता.

पहिली वर्दी मिळाली रात्री रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांना. महाराष्ट्रात या प्रसंगाचा अर्थ ज्यांना सर्वांत लवकर लागला ते नगर जिल्ह्यातले महार-मांग. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांच्या काळात गावकुसाबाहेरची कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली. आधी वर्दी तुम्हाला, मग गावाला, असे सांगणारी गोष्ट त्यांनी तोवर ऐकलेली नव्हती. त्यांच्या पुढच्या पिढ्या कामासाठी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात आल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती दलितांना मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. म्हणजे गोठ्यात आधी बोलावलेल्यांना कागदावर अजून जागा नाही. हा अन्याय आहे, आणि नाताळच्या लेखात तो लिहिलाच पाहिजे.

याच नगरच्या मातीत कवी नारायण वामन टिळक वावरले. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने तारणाऱ्याचे चरित्र पद्यात पुढे न्यावे, हे मराठी साहित्यात विरळाच आहे.

वसईचा फाटा नाताळात सर्वांत उजळलेला असतो. सणाच्या आधीचे चार रविवार ‘आगमनकाळ’ असतो, वेदीवर जांभळा रंग असतो, रविवारागणिक एकेक मेणबत्ती वाढते. घरांत कुलकुल करायला बसतात. नारळाच्या दुधात मळलेल्या मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने सरकवत गुंडाळायची, म्हणजे तिच्यावर रेघा उठतात. मग तळून साखरेत घोळवायची. एका डब्यासाठी घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. अंगणात गोठा उभा राहतो. मुंबई-वसई-गोव्याकडच्या अनेक घरांत त्यासाठी आधीच परातीत नाचणी पेरलेली असते, नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात तशी. सणापर्यंत ती हिरवी होते आणि गोठ्याभोवतीचे शेत होते. गोठ्याची ही प्रथा अस्सीसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी रुजवली. गवत, बैल, गाढव आणून त्याने गरिबांना तो प्रसंग डोळ्यांपुढे दाखवला. त्याच फ्रान्सिसच्या पंथाचे धर्मबंधू शंभर वर्षांच्या आत ठाण्याला पोहोचले आणि तिथे मेले.

वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले. जुना करार मराठी वाचकाने साहित्य म्हणूनही वाचावा, हे त्यांचे लिखाण सुचवते, आणि मला ते पटते.

गोठ्यात एक गोष्ट मांडली जात नाही. हेरोदाला नव्या राजाची बातमी लागते आणि तो बेथलेहेममधली दोन वर्षांखालची मुले मारवतो. योसेफ बायकोमुलाला घेऊन रातोरात मिसरला पळतो. चर्चच्या पंचांगात त्या मुलांचा दिवस २८ डिसेंबरला येतो, नाताळच्या रोषणाईतच. तारणारा जन्मला म्हणून जग लगेच सावरत नाही, हे ख्रिस्ती परंपरेने लपवलेले नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची वाचने गोठ्याविषयी नसतातच. ती ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याविषयी असतात. आश्वासन पूर्ण झाले असे मानणारा समाज दरवर्षी चार आठवडे पुन्हा वाट पाहायला बसतो. टेंभी नाक्यावरची प्रतीक्षा आणि तलावाकाठची प्रतीक्षा यांत अंतर आहे, पण दोघांनाही माहीत आहे की यशयाच्या भविष्यातले लांडगा आणि कोकरू अजून एकत्र बसलेले नाहीत.

स्टीफन्सच्या हयातीतल्या छापील प्रतींपैकी एकही उरलेली नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये तो देवनागरीत आणला, आणि नेल्सन फाल्कांव यांनी २००९ मध्ये आजच्या मराठीतल्या गद्यासह तो काढला. नाताळात हा ग्रंथ हाती घेणाऱ्याला मोह होईल तो दुसरे पुराण उघडून जन्माचा प्रसंग वाचण्याचा. तसे करू नये. आदामापासून सुरू करावे, रोज थोडे वाचावे, आणि बाबिलोनच्या कैदेपर्यंत पोहोचल्याशिवाय बेथलेहेमच्या पानाला हात लावू नये.